‘मॅडम, परीक्षेत काय लिहायचं?’ : नववीच्या वर्गातल्या एका इंग्रजी कवितेचं प्रकरण

पार्श्वभूमी

अमळनेर तालुक्यातली एक अनुदानित माध्यमिक शाळा. मराठी माध्यम, नववीचा एकच वर्ग, पटावर पन्नासच्या आसपास मुलं-मुली. बहुतेकांच्या घरी कापूस, मका आणि थोडी दादर ज्वारी; काहींचे आईवडील मजुरीवर जाणारे. घरात अहिराणी, वर्गात मराठी, आणि वेळापत्रकात इंग्रजीचे तास. शाळेचं, गावाचं आणि माणसांचं नाव मुद्दाम दिलेलं नाही. ओळख पटेल असे काही तपशीलही बदलले आहेत.

इथल्या इंग्रजीच्या मॅडम बऱ्याच वर्षांच्या अनुभवी. मी शेजारच्या केंद्रातल्या शाळेत हाच विषय शिकवतो. शिक्षण परिषदेत आमची ओळख झाली आणि त्यांनी बोलावल्यामुळे त्या वर्षी दिवाळीनंतर मी त्यांच्या काही तासांना मागच्या बाकावर बसलो, मुलांच्या वह्या वाचल्या. पुढचं सगळं त्यातूनच आलेलं आहे. जिथे माझं मत आहे तिथे ते माझं म्हणूनच सांगतो.

महाराष्ट्रातल्या मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी २००० साली आलं. म्हणजे नववीत बसलेल्या या मुलांच्या गाठीशी इंग्रजीची आठ वर्षं होती. धडा मोठ्याने वाचता येत होता. प्रश्नातला शब्द धड्यात शोधून ती ओळ उत्तर म्हणून उतरवणं त्यांना चांगलं जमत होतं. कविता आली की मात्र ही युक्ती चालत नसे.

अडचण

दहावीच्या इंग्रजीच्या ८० गुणांच्या कृतिपत्रिकेत कवितेला १० गुण असतात, त्यातले ५ रसग्रहणाला. शीर्षक, कवी, यमकरचना, अलंकार, आवडती ओळ, मध्यवर्ती कल्पना असे मुद्दे दिलेले असतात आणि त्यावरून कवितेबद्दल लिहायचं असतं. नववीतही सराव त्याच साच्याचा.

सहामाहीचे पेपर तपासताना मॅडमच्या लक्षात आलं की उत्तरं वाचावीच लागत नाहीत. पहिलं वाक्य पाहिलं की शेवटचं सांगता येतं. ‘इट इज अ व्हेरी ब्युटिफुल पोएम’ने सुरुवात, ‘द लँग्वेज इज सिंपल अँड लुसिड’ने शेवट, मध्ये गाईडमधून उतरवलेली मध्यवर्ती कल्पना. एका हुशार मुलाने तर विरहाच्या कवितेखालीही तिच्यामुळे आनंद मिळतो असं लिहिलं होतं, कारण मागच्या कवितेच्या उत्तरात ते वाक्य होतं. ‘लुसिड’ म्हणजे काय, हे वर्गात एकालाही सांगता आलं नाही. लिहिलं मात्र जवळजवळ सगळ्यांनी होतं.

शब्दसंग्रहाचं दुखणं वेगळं वाटत होतं, पण मुळाशी ते एकच निघालं. धड्याखालचे कठीण शब्द, समोर मराठी अर्थ, प्रत्येक पाच वेळा लिहून आणायचा, ही जुनी पद्धत. एका मुलीच्या वहीत ‘लोनली म्हणजे एकटा’ सुवाच्य अक्षरात पाच वेळा होतं आणि त्याखाली वाक्य होतं, ‘आय गो टू मार्केट लोनली’. अर्थ पाठ होता. शब्द कुठे बसतो, कशाच्या शेजारी शोभतो, हे तिला कुणी सांगितलेलंच नव्हतं.

मॅडमनी एक साधी चाचणी घेतली. पुस्तकाबाहेरची आठ ओळींची सोपी कविता फळ्यावर लिहिली आणि इंग्रजीत विचारलं, बोलणारा माणूस खूश आहे की नाही? वर्ग गप्प. तोच प्रश्न मराठीत विचारला तर निम्मे हात वर. आणि ‘कशावरून?’ विचारल्यावर मुलं ओळीवर बोट ठेवून बोलू लागली, बोलता बोलता अहिराणीवर गेली.

निदानाच्या दृष्टीने हा क्षण मला सगळ्यात मोलाचा वाटतो. तोवर शाळेत सगळ्यांचं ठरलेलं होतं की या पोरांना कविता कळत नाही. कविता कळत होती. कळलेलं सांगायला इंग्रजी नव्हतं, आणि जे इंग्रजी आठ वर्षं शिकवलं गेलं त्यात कवितेबद्दल बोलायला लागणारे शब्दच नव्हते.

समोरचे पर्याय

आहे तसं चालू ठेवणं हा पहिला पर्याय, आणि तो सहज झटकून टाकण्यासारखा नव्हता. गाईडमधलं उत्तर पाठ केलं की पाचातले तीन-चार गुण मिळतात. काठावर पास होणाऱ्या मुलासाठी ते गुण फार मोठे असतात. वर्गातल्या कितीतरी मुली दहावी नापास झाल्या तर शिक्षण तिथेच थांबणार, हे मॅडमना माहीत होतं. प्रयोग फसला तर भोगायचं मुलांना.

दुसरा पर्याय मुख्याध्यापक सरांच्या आवडीचा होता : इंग्रजीच्या तासाला फक्त इंग्रजी. मॅडमनी तो आधी एका वर्षी करून पाहिला होता. तेव्हा चारपाच मुलं बोलत आणि बाकीचे मान खाली घालून तास संपण्याची वाट पाहत.

तिसरा, ओळीओळीचं मराठी भाषांतर सांगायचं. मुलांना तो सुखाचा वाटतो. पण त्यात विचार शिक्षकच करतो, मुलं तो उतरवून घेतात. गाईडच्या जागी मॅडम येतात, एवढाच फरक.

चौथा असा की कवितेवरची चर्चा मुलांच्या भाषेत होऊ द्यायची, मग मोजक्या, आधी तयार करून घेतलेल्या इंग्रजी शब्दांत ती लिहायची. शाळेतल्याच दुसऱ्या सरांनी त्याला विरोध केला. पेपर इंग्रजीत, मग चर्चा अहिराणीत करून उपयोग काय, असा त्यांचा सवाल. एक पालक तर शाळेत येऊन म्हणाले, “घर ते आम्ही अहिरानीच बोलतस. शायामा बी तीच काय?” त्यांचं म्हणणं चुकीचं नव्हतं. पोरगा इंग्रजी शिकावा म्हणूनच ते त्याला रोज शाळेत धाडत होते.

मॅडमनी चौथा पर्याय घेतला, पण एक अट स्वतःवर घालून : ज्या तासाला चर्चा होईल त्याच तासाला, घंटा होण्याआधी, प्रत्येकाने निदान दोन इंग्रजी वाक्यं लिहायची. मुख्याध्यापक सरांनी पुढच्या घटक चाचणीपर्यंत मुभा दिली.

कविता कोणती घ्यायची

पुस्तकातली कविता घेतली की तिचं तयार उत्तर दप्तरात आधीच असतं. म्हणून मॅडमनी बाहेरची घेतली, रॉबर्ट फ्रॉस्टची ‘स्टॉपिंग बाय वुड्स ऑन अ स्नोई इव्हिनिंग’. १९२३ साली छापली गेलेली, चार कडव्यांची, सोळा ओळींची. शब्द बहुतेक एका-दोन अवयवांचे (सिलॅबल्सचे). एक माणूस संध्याकाळी घोडागाडीने चाललेला, दुसऱ्याच्या रानाशी बर्फ पडताना बघत थांबतो. घोड्याला ते विचित्र वाटतं. माणसाला रान आवडतंय, पण दिलेला शब्द पाळायचा आहे आणि खूप अंतर जायचं आहे. शेवटची ओळ दोनदा येते.

मी तेव्हा मॅडमना म्हणालो होतो की बर्फ या मुलांना परका पडेल. त्या म्हणाल्या, बर्फ परका असेल, पण जनावर जुंपून संध्याकाळी घरी येणं परकं नाही. पुढे जे झालं त्यावरून निवड उत्तम होती असं मला ठाम वाटतं.

शब्दांची दोन खाती

पहिला निर्णय शब्दांबद्दल होता. कवितेत हार्नेस, डाउनी, फ्लेक, क्विअर असे शब्द आहेत. नेहमीच्या पद्धतीने तेच यादीत गेले असते. मॅडमनी त्यांचे अर्थ मराठीत फळ्यावर लिहून टाकले आणि त्यावर पाच मिनिटांहून जास्त वेळ घालवला नाही. हार्नेस हा शब्द मुलांना पुढच्या दोन वर्षांत पुन्हा भेटेल याची खात्री नाही. कविता कळण्यापुरता तो पुरे.

वेळ दिला तो दुसऱ्याच शब्दांना, आणि ते कवितेत नव्हतेच : स्पीकर, सीम्स, सजेस्ट्स, रिपीट, कॉन्ट्रास्ट, मूड, बिकॉज. या सातांवर दोन आठवडे काढले. अमेरिकेतल्या शिक्षण-संशोधक इझाबेल बेक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शब्दांचे तीन थर मांडले आहेत : रोजच्या बोलण्यातले, अनेक विषयांत पुन्हापुन्हा लागणारे पण बोलताना कमी येणारे, आणि एकाच विषयातले. शिकवण्याचं बळ मधल्या थरावर लावावं, असं त्यांचं सांगणं. मॅडमच्या यादीतले सजेस्ट्स, कॉन्ट्रास्टसारखे शब्द याच थरातले. ते विज्ञानात लागतात, इतिहासात लागतात, अकरावीत तर पदोपदी लागतात.

प्रत्येक शब्द आधी वर्गातल्याच गोष्टींवर फिरवला. ‘सर सीम्स अँग्री. व्हाय?’ ‘बिकॉज ही इज नॉट स्माइलिंग.’ मुलं एकमेकांची तोंडं पाहून वाक्यं करू लागली. सीम्स हा शब्द त्यांना आवडला, कारण त्यात चुकायची मुभा आहे. दिसतंय तसं सांगायचं, पैज मारायची नाही. रिपीट घेतला तेव्हा रिपीटेड आणि रिपिटिशनही सोबत आले. आधीच्या याद्यांत शब्द एकटा येई, त्याचं गणगोत कधी भेटतच नसे.

आणखी एक लहान पण पक्का फायदा झाला. मुलं सरसकट ‘पोएट सेज’ लिहीत. स्पीकर हा शब्द हातात आल्यावर कवितेत बोलणारा आणि कविता लिहिणारा हे वेगळे असू शकतात, हे त्यांना वेगळं शिकवावं लागलं नाही.

बैल थांबस कसाले?

दुसऱ्या कडव्यात घोडा येतो. जवळ घर नाही, तरी का थांबलो, असं त्याला वाटत असेल, असं बोलणारा म्हणतो. पुढे घोडा गळ्यातल्या घंटा हलवतो, जणू विचारतो की काही चुकलं का.

गाईडवर वाढलेली मुलं लगेच म्हणाली, “पर्सोनिफिकेशन.” मराठीच्या तासाला चेतनगुणोक्ती झाली होती, तीही कुणी सांगितली. मॅडम पुढे जाणार इतक्यात मागच्या बाकावरचा एक मुलगा, जो एरवी तोंड उघडत नसे, म्हणाला, “घर नही, खयं नही, मंग बैल थांबस कसाले?” (घर नाही, खळं नाही, मग बैल थांबतो कशाला?) त्याचं म्हणणं असं की यात कवीने माणसाचे गुण घोड्याला दिलेलेच नाहीत. संध्याकाळी शेतातून येताना गाडी मध्येच उभी केली की बैल मान हलवतो, घुंगरं वाजतात, तो घराकडे ओढ घेतो. हे खरंच होतं, त्याने रोज पाहिलेलं.

इथे मॅडमपुढे निर्णयाची वेळ होती. अलंकाराचा मुद्दा परीक्षेत एका वाक्यात गुण देतो. तो पक्का करून पुढे जाणं सोपं होतं. त्यांनी तो तास त्या वादाला दिला. दोन बाजू पडल्या. एक म्हणे जनावराला ओढ असते पण ‘चुकलं का’ हा प्रश्न माणसाचा. दुसरी म्हणे, प्रश्न माणसाचाच आहे, बोलणाऱ्याच्या मनातला, तो त्याने घोड्याच्या तोंडी घातला, कारण इथे थांबणं बरं नव्हे हे त्याला स्वतःलाच वाटतंय.

हे शेवटचं एका मुलीने अर्धं मराठीत, अर्धं अहिराणीत सांगितलं. दहावीच्या कोणत्याही नमुना उत्तरात मी इतकं नेमकं वाचलेलं नाही. मग मॅडमनी तिला विचारलं, आपल्या सात शब्दांत बसव. तिने लिहिलं, ‘द हॉर्स आस्क्स बट इट सीम्स द स्पीकर इज आस्किंग.’ व्याकरणाचं बोट कुठेही ठेवा, विश्लेषण पूर्ण आहे.

कान की डोळे

यमकरचनेचं शिकवणं सहसा एका ओळीत संपतं : शेवटचे शब्द बघा, जुळतील त्यांना एकच अक्षर देत ए-बी लिहा. पण या मुलांनी पहिल्या कडव्यात नो आणि स्नो यांना एक अक्षर दिलं आणि दो याला वेगळं, कारण त्याचं स्पेलिंग वेगळं. मराठीत लिहिलेलं आणि ऐकू येणारं सहसा जुळतं, म्हणून मुलं डोळ्यांनी यमक शोधतात. मॅडमनी पुस्तकं मिटायला लावली आणि कविता नुसती ऐकवली. ऐकून एएबीए निघाली.

मग त्यांनी तिसऱ्या ओळीकडे लक्ष वेधलं. पहिल्या कडव्यात एकटी पडलेली ‘हिअर’ पुढच्या कडव्यात क्विअर, निअर, यिअर घेऊन येते. तिथे एकटी पडलेली ‘लेक’ तिसऱ्यात शेक, मिस्टेक, फ्लेक आणते. तिथली ‘स्वीप’ चौथ्यात डीप, कीप, स्लीप, स्लीप. प्रत्येक कडवं पुढच्याचा हात धरून चालतं आणि शेवटच्यात धरायला हात उरत नाही, चारही ओळी एकाच आवाजात मिटतात. गाणं म्हणणाऱ्या मुलींना हे बाकीच्यांच्या आधी लक्षात आलं. एकीने विचारलं, शेवटची ओळ दोनदा का, पुढे कडवं नाही म्हणून का? वर्षानुवर्षं वहीत नुसतं ‘राइम स्कीम’ म्हणून लिहिलं जाणारं काहीतरी त्या दिवशी अर्थाला जाऊन भिडलं.

कापसाचा बर्फ

तिसऱ्या कडव्यात मंद वाऱ्याचा आणि मऊ हिमकणांचा तेवढा आवाज आहे. मुलांनी बर्फ पाहिला होता तो टपरीवरचा लादीचा किंवा गोळ्याचा. हलका, तरंगत येणारा बर्फ कसा समजवायचा? एक जण म्हणाला, जिनिंगमध्ये उडतो तसा कापूस. वर्गाला पटकन पटलं. दिवाळीनंतरचे दिवस, गावात वेचणी चालू, अनेकांच्या कपड्यांना पुंजके चिकटलेले.

मॅडमनी ही उपमा स्वीकारली आणि तिने काम केलं. मऊपणा, पांढरेपणा, आवाज न होता पडणं, सगळं कळलं. पण लिहिताना गडबड दिसली. चारपाच वह्यांत रान सुखाचं, सुगीचं झालं होतं. कापूस घरात येणं म्हणजे हाती पैसा येणं. कवितेतला बर्फ मात्र थंड आहे, वर्षातली सर्वात काळोखी संध्याकाळ आहे, आणि तिथे जास्त वेळ थांबणं धोक्याचंही असू शकतं. मॅडमनी दुसऱ्या दिवशी मुलांना दोन रकाने आखायला लावले : कापसासारखं काय, कापसासारखं काय नाही. दुसरा रकाना भरताना कॉन्ट्रास्ट हा शब्द पहिल्यांदा खऱ्या गरजेपोटी वापरला गेला.

त्याच ओघात ‘सर्वात काळोखी संध्याकाळ’ म्हणजे अमावस्या, असं बहुतेकांनी धरलं. ओळीत ‘वर्षातली’ आहे आणि अमावस्या दर महिन्याला येते, हे एका मुलीने दाखवलं. तिथून गाडी डिसेंबरमधल्या सर्वात मोठ्या रात्रीवर आली. त्या तासाला भूगोलाचं पुस्तकही उघडलं गेलं.

झोप म्हणजे मरण?

सगळ्यात अवघड वळण शेवटच्या ओळीवर आलं. एका मुलीने मोबाइलवर शोधून आणलं होतं की इथे स्लीप म्हणजे मृत्यू. तिने ते ठामपणे सांगितलं आणि वर्ग वह्या उघडून लिहायला लागला. आयतं उत्तर सापडलं होतं.

मॅडमनी लिहिणं थांबवलं आणि तिला विचारलं, कोणत्या ओळीवरून? ती थोडी गोंधळली. मग म्हणाली, एकदा स्लीप म्हटलं असतं तर झोपच समजले असते, दोनदा म्हटलंय म्हणजे दुसऱ्यांदा काहीतरी मोठं असणार. हा तिचा स्वतःचा पुरावा होता, मोबाइलमधला नव्हता. तेवढ्यात खिडकीकडच्या रांगेतून आवाज आला, “तो मरी नही राहिना, त्याले काम शे.” बोलणाऱ्या मुलाचा मुद्दा शेवटून तिसऱ्या ओळीवर होता : शब्द दिलाय, तो पाळायचाय. मरायला निघालेला माणूस दिलेल्या शब्दांचा हिशेब करत नाही.

वर्ग मॅडमकडे बघू लागला. त्यांनी निकाल दिला नाही. दोन्ही वाचनांना कवितेत आधार आहे, ज्याला जे पटतं ते त्याने ओळीसकट लिहावं, असं सांगितलं. तेव्हा पहिल्या बाकावरच्या, नेहमी वरचा नंबर असणाऱ्या मुलीने जरा रागानेच विचारलं, “पण मॅडम, परीक्षेत काय लिहायचं?”

हा प्रश्न मी उद्धटपणा मानत नाही. तपासणाऱ्याच्या हातात नमुना उत्तर असेल आणि त्यात एकच अर्थ असेल, तर या मुलीचं नुकसान होऊ शकतं, आणि ती ते ओळखून होती. मॅडमनी तिला सांगितलं की अर्थ कोणताही लिही, पण ‘बिकॉज’ लिहून कवितेतले शब्द त्यापुढे ठेव. कारण दिलेलं उत्तर तपासणाऱ्याला खोडणं कठीण जातं. उत्तर व्यवहाराचं होतं आणि माझ्या मते बरोबर होतं. मुलीचं समाधान मात्र त्या दिवशी झालं नाही.

काय निष्पन्न झालं

घटक चाचणीत मॅडमनी न पाहिलेली छोटी कविता दिली. उत्तरं आखूड झाली होती. स्पेलिंगच्या चुका आधीपेक्षा जास्त, कारण आता वाक्यं मुलांची स्वतःची होती, उतरवलेली नव्हती. पण वह्या वाचाव्या लागल्या. एकीला बोलणारा घाबरलेला वाटला, दुसऱ्याला कंटाळलेला, आणि दोघांनीही ओळ दाखवली. मागच्या बाकावरच्या त्या मुलाने तीनच वाक्यं लिहिली, तिन्ही त्याची.

गुण मात्र उसळले नाहीत. गाईडवर भरवसा असलेल्या दोघातिघांचे तर किंचित उतरले, आणि त्यांच्या पालकांनी विचारणा केली. मॅडमनी दोन्ही उत्तरं, सहामाहीचं आणि चाचणीचं, पालकांसमोर शेजारी ठेवली आणि मुलांनाच ती समजावून सांगायला लावली. आधीचं उत्तर एकालाही समजावता आलं नाही. अहिराणीबद्दल तक्रार घेऊन आलेले तेच पालक या बैठकीला होते. ते काही बोलले नाहीत, पण पुन्हा तक्रारही आली नाही. मुख्याध्यापक सरांनी मुभा वर्षअखेरपर्यंत वाढवली.

वार्षिक परीक्षेत पुस्तकातली कविता आली तेव्हा अनेक जण पुन्हा पाठ केलेल्या उत्तराकडे वळले. तरी त्यातही मध्येच एखादं ‘सीम्स’, एखादं ‘बिकॉज ही सेज’ डोकावत होतं. वर्गातला सगळ्यात कच्चा गट, ज्यांना अजून वाचतानाच अडखळायला होतं, त्यांना या सगळ्याचा लिहिण्यात फारसा फायदा झाला नाही. चर्चेत ते बोलले. त्यांची वही रिकामीच राहिली. त्यांना आधी वाचनाचीच मदत हवी होती, आणि ती रसग्रहणाच्या तासातून मिळणारी नव्हती.

वेगळं काय करता येईल

मॅडमनी आणि मी नंतर बसून यावर बरंच बोललो. त्यांच्या मते सगळ्यात मोठी उणीव वाक्यांच्या सांगाड्यात राहिली. मदत म्हणून त्यांनी तक्त्यावर ‘द स्पीकर सीम्स अमुक बिकॉज ही सेज तमुक’ असं वाक्य लावलं होतं. तिसऱ्या आठवड्यात तोच नवा साचा झाला. वेचणीच्या दिवसांत जी मुलं गैरहजर राहत, त्यांना चर्चा मिळत नसे, फक्त तक्ता मिळे. ती ‘अमुक’च्या जागी नेमाने ‘सॅड’ लिहीत. तक्ता लावायचाच असेल तर तो ठरवून उतरवायलाही हवा : दोन आठवड्यांनी अर्धं वाक्य काढायचं, मग फक्त ‘बिकॉज’ ठेवायचं, मग तेही काढायचं. आणि भावनेचे शब्द सॅड-हॅपीपुरते न ठेवता टायर्ड, रेस्टलेस, पीसफुल, टेम्प्टेड असे जवळजवळचे चारपाच द्यायचे, म्हणजे निवडताना कवितेकडे परत जावं लागेल.

गैरहजर मुलांसाठी पुढच्या वर्षी त्यांनी जोड्या लावायचं ठरवलं आहे. जो वर्गात होता त्याने काल काय वाद झाला ते घरी जाताना अहिराणीत सांगायचं आणि दुसऱ्याने सकाळी त्यावर आपलं मत एका इंग्रजी वाक्यात आणायचं.

माझा आग्रह दुसऱ्या गोष्टीवर आहे. दोन वेळा, चर्चा रंगली म्हणून, लिहिणं दुसऱ्या दिवसावर गेलं. त्या दोन्ही वेळच्या वह्या सगळ्यात फिक्या आहेत. अहिराणीत सुचलेलं ताजं असतानाच इंग्रजीत उतरलं तर ते मुलांचं राहतं. रात्र गेली की मुलं पुन्हा आठवलेल्या वाक्यांकडे जातात. म्हणून घंटेआधीची दहा मिनिटं कितीही मोह झाला तरी चर्चेला देऊ नयेत. घरच्या भाषेत बोलू देणं ही मी सवलत मानत नाही, विश्लेषण तिथेच होतं. पण ते तिथेच राहिलं तर पालकांची तक्रार खरी ठरते.

मराठीच्या शिक्षकांशी आधी बोलायला हवं होतं, यावर आम्हा दोघांचं एकमत आहे. मराठीच्या पेपरातही रसग्रहण असतं. आशय, भाषा, अलंकार याबद्दल तीच मुलं त्याच आठवड्यात पलीकडच्या तासाला लिहीत होती, आणि दोन्ही शिक्षकांना एकमेकांचं माहीत नव्हतं. यंदा जूनमध्ये दोघांनी मिळून नियोजन केलं आहे : मराठीत ज्या आठवड्यात कवितेचं रसग्रहण, त्याच्या पुढच्या आठवड्यात इंग्रजी कविता. त्या मराठी कवितेवर मुलांनी काढलेला एक मुद्दा इंग्रजीच्या पहिल्या तासाला इंग्रजीत सांगायचा. कच्च्या गटासाठी शाळा भरण्याआधी अर्धा तास वाचनाचा ठेवला आहे आणि तो दुसऱ्या सरांनी, ज्यांचा या पद्धतीला विरोध होता, स्वतःहून घेतला आहे.